आईचा गुडघा बदलायचाय. घरच्यांनी नेमकं काय करायचं असतं?

शेवटचा_डबा | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची वेळ आता आली.

आई ६८ वर्षांची. निवृत्त शिक्षिका, म्हणजे उभा जन्म फळ्यासमोर उभं राहण्यात गेला. उजवा गुडघा पार गेलाय. एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं आम्हालाही दिसलं, डॉक्टरांना बोट ठेवून दाखवावं लागलं नाही. डावाही त्याच वाटेवर आहे, पण अजून तग धरून आहे. चार वर्षं तेल, शेक, काढे, दोन इंजेक्शनं, एक चुंबकाचा पट्टा (त्याची कथा नंतर कधीतरी, वडिलांच्या परवानगीने) सगळं करून झालं. काही महिन्यांपूर्वी ती मंडईतून रिक्षाने घरी आली. चालत सात मिनिटांचं अंतर. खाली उतरून दोन मिनिटं दांड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "घे बाबा तारीख."

तारीख मिळाली आहे, १९ दिवसांनी. खरं तर आधीची एक हुकली. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.४ आली आणि सर्जननी सांगितलं, आधी ही खाली आणा, मग गुडघ्याचं बोलू. आता ७.२ आहे.

घरची परिस्थिती: डोंबिवली, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वडील ७४, अँजिओप्लास्टी झालेली, त्यांनी वजन उचलायचं नाही. मी आणि बायको दोघंही नोकरीला. बहीण बंगळूरला, दहा दिवस येणार आहे. मुलगी पाचवीत.

डॉक्टर चांगले आहेत, पण ते ऑपरेशनचं सांगतात. घरी आणल्यावर काय, ते कुणी सांगत नाही. आणि एक प्रश्न विचारायला जरा अवघड वाटतंय. बहीण गेल्यावर दिवसा घरात मी असेन (दोन आठवडे रजा टाकली आहे). आईला बाथरूमला नेणं, पुसणं वगैरे मुलाने कसं करायचं? तिला संकोच वाटणार, मला तर आत्तापासूनच वाटतोय.

---

कैरीचं_लोणचं | रविवार, रात्री ११:१५

डबाभाऊ, आधी उठा आणि बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा. थट्टा नाही. सासूबाईंच्या वेळी आम्ही सगळी तयारी केली होती, कमोडची खुर्ची आणली, दांडे बसवले, चटया काढल्या. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की वॉकर बाथरूमच्या दारातून आत जात नाही. जुन्या बिल्डिंगची दारं ती, त्यात आतल्या बाजूला कडीचा ठोकळा. सासूबाई दारात उभ्या, मागे मी, पुढे नवरा आडवा वॉकर धरून, आणि त्यांना घाईची लागलेली. पुढचं सांगत नाही.

बाकी आठवेल तसं लिहिते. पायपुसणी सगळी उचला, दारातलंसुद्धा. मोरीचा उंबरा किती उंच आहे बघा. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची लागेलच, आणि कमोड असेल तरी तो बुटका असतो, त्यावर बसवायची उंच सीट मिळते. पलंग इतका उंच हवा की बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर येणार नाही. आमचा दिवाण बुटका होता, त्याच्या चारी पायांखाली सुताराकडून ठोकळे करून घेतले. खुर्ची हातांची हवी, प्लास्टिकची डुगडुगणारी नको.

कपड्यांचं आधीच बोलून ठेवा. सासूबाई आयुष्यभर नऊवारी, मग पाचवारी. गाऊन म्हटलं की त्यांना तोंड लपवावंसं वाटायचं. पण वॉकर धरून साडीच्या निऱ्या सांभाळणं म्हणजे पडायला आमंत्रण. शेवटी पुढून बटणांचे तीन सुती गाऊन शिवून घेतले, खिसा लावलेले. खिसा आवर्जून लावा. दोन्ही हात वॉकरला गुंतले की मोबाइल, चष्मा, जपमाळ ठेवणार कुठे?

देवघर खाली असेल तर वर घ्या. मांडी घालून पूजा आता नाही. हे त्यांना आपण सांगण्यापेक्षा डॉक्टरांकडून वदवून घ्या.

---

काडेचिराईत | सोमवार, सकाळी ६:५०

ऑपरेशनची एवढी घाई का? पंचकर्म करून पाहिलंत का? माझ्या मामींचे गुडघे बस्तीने बरे झाले.

---

जुना_पेन्शनर | सोमवार, सकाळी ७:३०

चिराईतराव, हाडाला हाड टेकलंय असं त्यांनी वर लिहिलंय. चार वर्षं काढे पिऊन झालेत तेही लिहिलंय. तुमच्या मामींना आमचा नमस्कार.

डबा, आईंना भीती वाटत असेल तर आमच्या वेळची आठवण सांगा. २००० साली पंतप्रधान असताना वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीत बदलला, पुढच्या वर्षी उजवा. शस्त्रक्रिया केली डॉ. चित्तरंजन राणावतांनी, न्यूयॉर्कहून येऊन. त्याआधी आमच्या ऑफिसात गुडघा बदलणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले समजत. त्यानंतर लोक एकमेकांना विचारायला लागले, "तुमचा कधी?" माझा २०११ ला झाला. रोज दोन किलोमीटर चालतो, त्यातला एक किलोमीटर चहासाठी.

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १:०५

मी विम्याच्या क्लेमचं काम करतो, म्हणून फक्त पैशांचं लिहितो.

१. पॉलिसी किती जुनी आहे? वयोमानाने झालेल्या सांधेझिजेच्या प्रत्यारोपणाला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते. सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

२. खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतलीत तर नुसता भाड्यातला फरक भरावा लागत नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे चार्जेसही बहुधा त्याच प्रमाणात कापले जातात. "आईसाठी जरा चांगली खोली घेऊ" हे वाक्य फार महागात पडतं.

३. इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर सरकारी मर्यादा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ती आली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्याला ७६,६००, जीएसटी वेगळा. त्याआधी हाच साधा गुडघा दीड लाखाच्या पुढे जायचा. आज लागू असलेला आकडा हॉस्पिटलकडून लेखी घ्या आणि बिलात इम्प्लांट वेगळं दाखवायला सांगा. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले असतात, ती फाइल जन्मभर जपा. पुढे कधी काही करायची वेळ आली तर त्यावरचा नंबरच कामाला येतो.

४. रोबोटिकसाठी वेगळे पैसे मागतील. रोबोट आपणहून ऑपरेशन करत नाही, हाड मोजून मापून कापायला सर्जनला मदत करतो. पॉलिसी ते पैसे देते का, हे आधी विचारा. आणि त्या सर्जनच्या हाताखालून दर महिन्याला किती गुडघे जातात, ते त्याच्याही आधी.

वडील ७४ आहेत म्हणून सांगतो, सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वेगळं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. काढून ठेवा. कुठल्या हॉस्पिटलात कशासाठी चालतं ते त्या त्या ठिकाणी विचारावं लागतं.

---

फिजिओ_कट्टा | सोमवार, रात्री ९:२०

१९ दिवस हातात आहेत, ते फुकट घालवू नका. व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून सुरू होतो. मांडीचा पुढचा स्नायू जितका मजबूत, तितकं नंतर सोपं. झोपून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. वॉकरही आत्ताच आणा आणि घरात चालवून घ्या. दुखत नसताना शिकलेलं दुखताना आठवतं. वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत हवी. बहुतेक घरांत तो उंच तरी असतो किंवा शेजारच्या काकांचा उसना आणलेला.

दात किडलेला असेल, लघवीला जळजळ असेल, पायाला चिखल्या किंवा जखम असेल तर आत्ताच सर्जनना सांगा. कुठलाही जंतुसंसर्ग अंगात असताना नवा सांधा बसवत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक औषधं, सगळ्यांची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांना द्या. "ते काय, साधं चूर्ण आहे" म्हणून लपवू नका.

बाथरूमचं उत्तर आजीबाईंनी द्यावं, त्या इथे आहेत.

---

सांधेबदल_आजी | सोमवार, रात्री १०:१०

आहे, आहे, जागी आहे. मी सांगलीची, वय ७२, दोन्ही गुडघे धातूचे. विमानतळावर वाजते. पहिल्यांदा घाबरले, आता आधीच सांगून टाकते, "गुडघे आहेत हो."

बाळा, संकोच दोन दिवसांचा असतो. मला माझ्या मुलानेच नेलं. त्याने एक केलं. कमोडवर बसवलं, हाताशी पाण्याचा मग ठेवला, पाठ फिरवून दाराबाहेर उभा राहिला आणि मोठ्याने रेडिओ लावला. बाकीचं माझं मी केलं. ज्याला दोन्ही हात धड आहेत त्याचं सगळं तुम्ही कशाला करता? गुडघा बदललाय, हात नाही. अंघोळीला चार दिवस नर्सिंग ब्युरोची बाई लाव. तोवर आई स्वतः खुर्चीवर बसून अंग पुसेल.

आणि एक लक्षात ठेव. दहाव्या-बाराव्या दिवसापासून ती रडेल. दिवसभर बरी असेल आणि रात्री दोनला रडेल. झोप लागत नाही, कुशीवर वळवत नाही, पाय आपला वाटत नाही. मला तिसऱ्या आठवड्यात वाटलं होतं, कुठून ही बुद्धी झाली. त्या वेळी "सगळं छान होईल" म्हणू नकोस, राग येतो. शेजारी बस, बर्फाची पिशवी बदल, काहीतरी भंगार विषयावर बोल. माझी सून मला शेजारणींच्या भानगडी सांगायची.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ८:४०

भाऊ, आमची चूक सांगतो, तुमी नका करजा.

माह्या बाबाचे दोनी गुडघे एकाच दिवशी केले. घरी आणलं तं आमी चार भावंडं, चार सुना, सारे सेवेले हजर. पाणी हातात, ताट पलंगावर, टीव्हीचा रिमोट हातात. कोणी भेटाले आलं का म्हणे, "आराम करा काका, आता उठू नका." बाबाले बी बरं वाटे. फिजिओवाला पोरगा आला का बाबा म्हणे "आज नको, उद्या." आमी बी म्हणो, राहू द्या, म्हातारा माणूस हाय, दुखते त्याले.

सहा आठवड्यानं दवाखान्यात गेलो. गुडघा ७० अंशाच्या पुढे वाकेच ना. खुर्चीवरून उठाले ९० च्या वर पाहिजे. डॉक्टर आमच्यावर असा भडकला का विचारू नका. मंग भूल देऊन गुडघा दाबून वाकवा लागला, मंग पुन्हा पह्यल्यापासून सारं. खर्च वेगळा, बाबाले तरास झाला थो वेगळा.

डॉक्टर म्हणे, "ऑपरेशन मी नीट केलं, सेवा तुमी जास्त केली."

---

फिजिओ_कट्टा

हे वाक्य मी क्लिनिकच्या भिंतीवर लावणार आहे, परवानगी द्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

लावा न भाऊ. खाली बाबाचा फोटो बी लावा.

---

अबोली_फोंडा | मंगळवार, दुपारी ४:००

थोडं विषयांतर. इथे कोणी खुब्यासाठी वाचत असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नका. माझ्या नवऱ्याचा खुबा ४४ व्या वर्षी बदलला. कोविडमध्ये स्टेरॉइड घ्यावी लागली होती, नंतर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच गेला. गुडघ्याला वाकवा, वाकवा म्हणतात. खुब्याला उलट. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही, कुशीवर झोपताना पायांमध्ये उशी. सांधा निखळायची भीती असते. मोजे घालायला ह्यांना एक लांब दांड्याचं चिमटं मिळालं होतं, त्याने नंतर मुलांनी पंख्यावरचे पतंग काढले.

---

शेवटचा_डबा | ऑपरेशननंतर चौथा दिवस, रात्री

झालं. कमरेतून भूल दिली होती. आई आतून ऐकत होती म्हणे, "सुतारकाम चाललं होतं." दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभी केली, संध्याकाळी खोलीच्या दारापर्यंत चालली. मला वाटलं होतं गुडघाच काढून नवा घालतात. डॉक्टरांनी मॉडेल दाखवलं, तेव्हा कळलं की दोन्ही हाडांची टोकं थोडी थोडी तासून वर धातूच्या टोप्या बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती. दाताला कॅप बसवतात त्यातला प्रकार.

डिस्चार्ज सकाळी दहाला म्हणाले होते. विम्याची मंजुरी यायला संध्याकाळचे साडेसात वाजले. तोवर आई तयार होऊन पलंगावर बसून, पाय लटकलेले, आणि ते सुजलेले. कोणाला दोष देत नाही, पण ज्यांची पाळी येणार आहे त्यांनी ही सोय करून ठेवा: मंजुरी हातात येईपर्यंत पेशंटला आडवंच राहू द्या.

आता जिन्याचं. छत्तीस पायऱ्या. बिल्डिंगमधली चार पोरं खुर्ची घेऊन खाली तयार होती. आई रिक्षातून उतरली, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही कुणासाठी?" हॉस्पिटलात फिजिओंनी दोन दिवस जिना शिकवला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी, मी एक पायरी खाली, बहीण मागे वॉकर घेऊन. प्रत्येक पायरीला ती पुटपुटत होती, "डावा, मग उजवा." पहिल्या मजल्यावर खुर्ची टाकून पाच मिनिटं बसली. तोवर तीन दारं उघडली होती. एक काकू ओवाळायला तबक घेऊन आल्या, त्यांना बहिणीने कसंबसं थांबवलं. बावीस मिनिटं लागली. वर पोचल्यावर आईने पहिलं काय केलं तर फ्रिज उघडून पाहिला.

दाराची रुंदी मोजली होती, कैरीताई. वॉकर जात नव्हता. दार बिजागऱ्यांसकट काढून पडदा लावलाय.

---

कैरीचं_लोणचं

दार काढलंत! मानलं.

---

जर्सीतली | त्याच रात्री

मी न्यू जर्सीत, आई नाशिकला, तिचा गुडघा गेल्या वर्षी झाला. तीन आठवडे जाऊन आले, मग परत यावंच लागलं. विमानात भयंकर अपराधी वाटत होतं. तुमच्या बहिणीला माझ्याकडून एक सांगा: "कशी आहेस" एवढं विचारायला फोन करू नका, एक काम अंगावर घ्या. मी रोज नाशिकच्या सकाळी सातला, म्हणजे माझ्या आदल्या रात्री, व्हिडिओ कॉल लावायचे आणि आकडे मोजायचे. टाच ओढणं पंधरा, पाय उचलणं दहा. घरातल्या वहिनीला त्या वेळी चहा शांतपणे पिता यायचा. वहिनी म्हणाली, तुझ्या पैशापेक्षा ती वीस मिनिटं जास्त उपयोगाची होती.

---

शेवटचा_डबा | नववा दिवस, दुपारी ३:१०

तातडीचं. आजपासून आईची उजवी पोटरी जास्त सुजली आहे, दाबलं की दुखतंय. बिल्डिंगमधल्या मालिशवाल्या मावशी म्हणतात रक्त साकळलंय, तिळाच्या तेलाने चोळून देते. करू देऊ का?

---

फिजिओ_कट्टा | ३:१४

अजिबात नाही. कोणालाही पोटरी चोळू देऊ नका. पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आत्ताच्या आत्ता सर्जनच्या नंबरवर फोन करा. डॉपलर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह पाहायची तपासणी) सांगतील. दम लागला, छातीत दुखलं तर फोनही नको, थेट हॉस्पिटल. गुठळीची गोळी की इंजेक्शन चालू आहे ते हाताशी ठेवा.

---

शेवटचा_डबा | रात्री ९:५०

डॉपलर केला. गुठळी नाही. साधी सूज, पाय खाली सोडून जास्त वेळ बसल्यामुळे. छत्तीस पायऱ्या पुन्हा खाली आणि पुन्हा वर. आई वर आल्यावर मालिशवाल्या मावशींना म्हणाली, "तुम्ही माझ्या खांद्याला चोळा, तो दुखतोय वॉकरने."

फिजिओ, मनापासून आभार. चार मिनिटांत उत्तर दिलंत.

---

सांधेबदल_आजी

बरं झालं. ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, जखमेभोवती वाढती लाली, यांपैकी काही दिसलं तरी असंच पळायचं. थांबून बघू म्हणायचं नाही. नुसता गरम लागला गुडघा तर घाबरायचं नाही, माझा पाच महिने गरम होता. आणि चिरेच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागतं, तेही असतंच.

तिला आंबट देऊ नका, वांगं देऊ नका, टाके पिकतील, असं सांगायला कोणीतरी येईलच. माझ्या नणंदेने मला दोन आठवडे मऊ भात-मेतकुटावर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजी, जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, पनीर, मासे, जे चालतं ते घाल. लिंबू पिळ खुशाल. साखर आहे तिला, तेवढं सांभाळ. आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यासाठी इसबगोल आणि भरपूर पाणी. बाथरूमला जावं लागतं म्हणून बायका पाणी पीत नाहीत. तीही पीत नसेल, बघ.

---

शेवटचा_डबा | सोळावा दिवस

आज भांडण झालं. लिहितो, कारण घरात बोलायला कोणी नाही.

टाके परवा काढले. वाकणं ८५ पर्यंत आलंय, चांगलं म्हणाले. पण पाय पूर्ण सरळ होत नाही, दहा अंशांची कसर राहते. फिजिओ म्हणाले, सरळ होणं वाकण्याइतकंच महत्त्वाचं, नाहीतर जन्मभर लंगडत चालतील. उशी गुडघ्याखाली ठेवता का? मी म्हटलं नाही, कधीच नाही, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो तुम्ही सांगितलं तशी.

काल रात्री पाणी प्यायला उठलो. वडील आईच्या पलंगाशी उभे. हळूच टाचेखालची गुंडाळी काढली, गुडघ्याखाली उशी सरकवली, वरून चादर सारखी केली. आई झोपेत "हां" म्हणाली. गेले दहा-बारा दिवस रोज रात्री हे चालू होतं. पहाटे पाचला उठून ते परत गुंडाळी लावायचे, मला कळू नये म्हणून.

मी सकाळी वडिलांवर ओरडलो. नको इतका. ते म्हणाले, "ती कण्हते रे रात्री. उशी घातली की थांबते." मग आई माझ्यावर ओरडली. "तू मास्तर झालास का माझा? तुझ्या व्यायामापायी घरात कोणाला झोप नाही." वॉकर ढकलून दिला. मुलगी घाबरून आत गेली.

ऑपरेशनच्या आधी मला वाटायचं, सेवा म्हणजे रात्री जागणं, औषधं देणं. आपल्याच आईला रडवून दिवसातून तीनदा व्यायाम करून घेणं, आणि प्रेमाने उशी देणाऱ्या बापावर खेकसणं, हेही त्यात येतं, ते माहीत नव्हतं.

---

सांधेबदल_आजी

बाबांना काम दे. त्यांना काही करायला नाही म्हणून उशी करतायत. आणि व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी देतोस का? डॉक्टरांना विचारून वेळा जुळव. गोळी उतरल्यावर व्यायाम करवलास तर मीही वॉकर ढकलला असता.

---

फिजिओ_कट्टा

आजींशी सहमत. वडिलांना बर्फाचं काम द्या: व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटं, मध्ये पातळ पंचा, थेट कातडीवर नाही. वहीत वेळ लिहायची. सोळाव्या दिवशी दहा अंशांची कसर असली तरी ती पुढे निघते, घाबरू नका. आणि एक आठवडा तुम्ही व्यायाम घेऊ नका. बाहेरचा माणूस घेऊ दे. आई मुलाला ओरडते, फिजिओला ओरडत नाही. घरातल्याने दोन्ही भूमिका केल्या की नातं त्या खाटेवरच भरडलं जातं.

---

जुना_पेन्शनर

मी बायकोला म्हणालो होतो, "तू हिटलर आहेस." ती म्हणाली, "हो. उठ." इति.

---

वऱ्हाडी_ठेचा

डबाभाऊ, तुमचा बाप लय भारी माणूस हाय. उशी नको, पण माणूस भारी.

---

शेवटचा_डबा | सातवा आठवडा

उशिरा लिहितोय, ऑफिस सुरू झालं.

वाकणं ११२. सरळ होण्यातली कसर गेली. वडिलांनी बर्फाची वही ठेवली आहे, त्यात वेळेबरोबर शेरेही असतात: "आज कुरकुर कमी", "आज मला बावळट म्हणाली". आई व्यायाम माझ्या मुलीकडून घेते. मुलगी शिट्टी वाजवते. आईला चालतं, कारण इथे ती स्वतःच विद्यार्थिनी झालीय आणि नात शिक्षिका.

घरात काठीशिवाय चालते. रात्री अजून दोनदा जाग येते. दूरच्या एका लग्नाला जायचं ठरवत होती, मी नको म्हटलं, मग विचार केला आणि हो म्हटलं. जमिनीवर पंगत नाही ना, एवढं विचारून घेतलं.

डाव्या गुडघ्याचं विचारलं, कधी करायचा. म्हणाली, "हा आधी पूर्ण वसूल होऊ दे." एका मोठ्या अभ्यासात २५ वर्षांनीही शंभरातले साधारण ८२ बदललेले गुडघे शाबूत होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने लगेच हिशेब केला, ६८ आणि २५, ९३. "पुरे."

परवा संध्याकाळी घरी आलो तर आई घरात नव्हती. वडील शांतपणे पेपर वाचत होते. खाली पाहिलं तर गेटजवळच्या भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चालली होती. एकटी उतरली होती. मी वरून ओरडणार होतो, गप्प बसलो. जिन्यात तिचा आवाज आला, प्रत्येक पायरीला, "डावा, मग उजवा."

आता एक कामाचं. वॉकर (घडीचा, उंची कमी-जास्त होते), कमोडची खुर्ची आणि कमोडवरची उंच सीट, तिन्ही स्वच्छ धुऊन ठेवलंय. आमच्याकडे आता जागा अडवतंय. कोणाला हवं असेल तर फुकट. डोंबिवली पूर्वेला येऊन न्यावं लागेल, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

---

कैरीचं_लोणचं

माझ्या मावशीचं पुढच्या महिन्यात आहे, कल्याणला. शनिवारी येते. वॉकरची मूठ किती उंचीपर्यंत खाली येते? मावशी चार फूट दहा इंच आहे.

---

शेवटचा_डबा

मोजून सांगतो. आई म्हणतेय, मावशींना फोन लावून द्या, त्यांना बाथरूमच्या दाराचं मीच सांगते.